पिवळ्या मैदानावरच्या तांबड्या रेषा

फाल्गुन लागला की आमच्या घरात कुठलंच कापड पांढरं राहत नाही. परवा नातसुनेनं, कोमलनं, तिचे खेळायचे मोजे धुवून दोरीवर टाकले. गुडघ्यापर्यंत येणारे ते लांब मोजे वाऱ्यावर नुसत्या लाथा झाडत होते आणि घोट्याखाली पिवळेधमक. मी म्हटलं, "धुतले का नुसते पाण्याला दाखवून आणले?" तर म्हणते, "आज्जी, या दिवसांत मोजे धुतले काय आन् न्हाई धुतले काय, हळद काय सोडते व्हय?"

खरं आहे. या दिवसांत हळद कुणालाच सोडत नाही. वावरावावरात कुकर लागलेत. कुकर म्हणजे घरातला शिट्ट्या मारणारा नव्हे. माणूस उभा मावेल एवढ्या पिंपांचा, ट्रॅक्टरमागून ओढून आणायचा. त्यात ओली हळकुंडं शिजतात आणि झाकण उघडलं की पांढरी वाफ सगळ्या शिवारावर पसरते. डब्यातल्या हळदीला जो वास येतो तो हा नव्हे. हा वास ओल्या मातीचा, कडवट, थोडा कच्च्या कैरीच्या अंगानं जाणारा. केसांत बसतो, गोधडीत बसतो, चहात उतरतो. शेळ्यांची तोंडं पिवळी होतात, कुत्र्यांचे पंजे पिवळे होतात, वसमतच्या गाडीतल्या कंडक्टरची बोटंसुद्धा पिवळी दिसतात. या वासानं बाकीच्या बायांना आपापली लग्नं आठवत असतील. मला फुटबॉल आठवतो.

तो जो मोसम मला आठवतो त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. तेव्हा मी तरुण होते. पासष्टी नुकतीच उलटली होती, गुडघे अजून माझं ऐकत होते, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री त्या वयात असते तशी मलाही होती. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा पदर तोंडाला लावून हसावं लागतं. ऑफसाईड म्हणजे काय हे मला आज कळत नाही. पण तेव्हा कळत होतं. कट्ट्यावर बसून मी ते चार बायांना समजावूनही सांगितलं होतं: "समोरच्याच्या घरात त्याच्या आधी जाऊन बसायचं न्हाई, एवढंच." त्या चौघींना ते इतकं पटलं की पुढे वर्षभर त्या कुठल्याही आगाऊ पाहुण्याला 'ऑफसाईड आला' म्हणत होत्या.

आमच्या गावात फुटबॉल आणला तो रफिक सरांनी. शाळेत कवायतीचे मास्तर म्हणून आले, आणि एका बॉलवर साठ पोरं खेळू शकतात असा दुसरा खेळ त्यांना सापडला नाही. त्याच पोरांना मिशा फुटल्या तेव्हा त्यांचा क्लब झाला. गावात त्याला क्लब कुणी म्हणत नाही. "पोरगं कुठं गेलं?" "बॉलवर." पुरुषांची टीम बाहेरगावी खेळू लागली, मॅचच्या दिवसाचं मानधन मिळू लागलं. आठवडाभर कुणी टेम्पो चालवतो, कुणी डेअरीवर दूध मोजतो, कुणी शाळेत शिकवतो, आणि रविवारी हेच लोक अंगात नंबर लिहिलेले सदरे घालून बूट वाजवत निघतात. पूर्ण धंदाही नाही आणि नुसती हौसही नाही.

बायांची टीम मागाहून झाली. तिच्यात तांड्यावरच्या दोघी होत्या, पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या तिघी-चौघी होत्या, एक शिवणकाम करणारी होती. आणि गोलात आमची कोमल. माझा नातू गोविंद तेव्हा पुरुषांच्या टीममध्ये खेळायचा. नवी नवरी कोमल एकदा त्याला मैदानावर डबा द्यायला गेली, तेवढ्यात कुणाचा तरी बॉल हिच्या तोंडावर आला. हिनं एका हातात डबा तसाच धरून दुसऱ्या हातानं तो बॉल असा थोपवला, जसं मांजराला ओट्यावरून खाली ढकलावं. रफिक सर शिट्टी वाजवायची विसरले. म्हणाले, "गोविंद, कल से भाभी को गोल में खड़ा करो, और तुम डिब्बा लाओ।" घरी ही हकिकत आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "डबा सांडला न्हाई ना?"

माझा मुलगा बालाजी, म्हणजे कोमलचा सासरा, माणूस वाईट नाही. पण आमच्या घरात सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाही. बोलायचं असलं की मध्ये मी. ती चुलीपाशी दोन हातांवर उभी असली तरी बालाजी माझ्याकडे बघून म्हणणार, "माय, तिला म्हणावं, चहात साखर कमी टाक." मी मान वळवायच्या आत चहात साखर कमी पडलेली असायची. तरी मी सांगायचेच; आपला मान आपण सोडू नये. त्या वयात मला हे मधलं पद फार आवडायचं. सगळं घर माझ्या जिभेवरून जातं असं वाटायचं. प्रत्यक्षात सगळं घर माझ्या कानाजवळून जात होतं, इतकंच.

त्या साली संक्रांतीच्या सुमारास बालाजी भाकरी मोडता मोडता म्हणाला, "माय, तिला सांग. हे साल खेळू दे. टीम लीगमध्ये टिकली तर पुढलं पुढं. निघाली तर मंग बॉल बंद. नात्यातले विचारून राहिले मला, सून काहून अर्ध्या चड्डीवर पळते म्हणून. काय सांगू मी?"

कोमल भिंतीकडे तोंड करून भांडी पुसत होती. ती भिंतीलाच हळूच म्हणाली, "टिकंल टीम."

लीगचा नियम असा होता की प्रत्येक टीमनं एक मॅच आपल्या स्वतःच्या मैदानावर भरवलीच पाहिजे. अडचण आली तर एकदा पुढे ढकलता येते. दुसऱ्यांदा ढकलली की टीम लीगमधून बाद. हरलं तरी चालतं. भरवली नाही तर चालत नाही. आणि आमची एक ढकलणी वापरून झाली होती. का, तर मॅच ठरली त्या आठवड्यात आमच्या निम्म्या पोरी वावरात हळद काढत होत्या. बाहेरच्या माणसाला हे कारण हसण्यासारखं वाटेल. आमच्याकडे काढणीला माणूस मिळत नाही तेव्हा नवरीसुद्धा वावरात जाते.

नवी तारीख आली ती बरोबर हळद वाळायच्या दिवसांत.

आता हे मैदान काय आहे ते सांगायला हवं. गावाच्या पश्चिमेला सपाट, कडक, दगडासारखी जमीन. गोलपोस्ट रोवायच्या कितीतरी आधीपासून गाव तिथं शिजलेली हळद वाळवतं. ज्याची त्याची जागा ठरलेली. मध्ये वीट, नाहीतर जुन्या लुगड्याची पट्टी, ही हद्द. फाल्गुनात ते सगळं मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं होतं. दुपारच्या उन्हात बघितलं तर डोळे मिटावे लागतात. कडेला पॉलिशचा ड्रम लागतो. वाळलेली हळकुंडं त्यात गरगरतात, साल निघते, आणि पिवळा धुरळा उडून गोलपोस्टावर, लिंबावर, बाजूच्या देवळावर बसतो. या दिवसांत क्लब मुकाट्यानं बाजूला व्हायचा. पुरुषांच्या मॅचेस दिवाळीनंतरच्या थंडीत आटोपलेल्या असायच्या. बायांच्या मॅचेस उरलेल्या दिवसांत. उरलेलं कुणाच्या ताटात पडतं हे मला नव्यानं सांगायची गरज नाही.

मी मात्र त्या मोसमात कुणी ऐरीगैरी नव्हते. मी टीमची डॉक्टरीण होते. नेमणूक माझी मीच केली होती. कुणाचा पाय मुरगळला की मी पळीत हळद आणि चुना कालवायचे, चांगला लालबुंद होईपर्यंत घोटायचे, निखाऱ्यावर गरम करायचे आणि घोट्यावर थापायचे. पोरी किंचाळायच्या. तांड्यावरची एक तर म्हणायची, "आज्जी, मुरगळलेलं बरं, पर तुमचा लेप नको!" तरी चौथ्या दिवशी पळायला लागायच्या. ते लेपानं व्हायचं की लेपाच्या भीतीनं, हे मी त्या वयात तपासून बघितलं नाही.

मैदान मोकळं करायचं तर साऱ्या गावाची हळद एका दिवसापुरती उचलायची. हे ऐकायला सोपं आहे. अर्धी वाळलेली हळद ढिगात घातली की आतून घाम धरते, रंग उतरतो, आणि मोंढ्यात व्यापारी हळकुंड मोडून बघतो तेव्हा वर्षाची मेहनत त्याच्या दोन बोटांत असते. म्हणून रफिक सर घरोघर गेले तेव्हा लोकांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, सुपारी दिली, फक्त हो दिलं नाही.

पहिली उचलायला तयार झाली ती गिरजा. माझी शेजारीण, धनगराची, शेळ्यांपुढं कुणाचं ऐकत नाही. तिची हळद ती केवढी, चार पाट्या. पण ती कट्ट्यावर उभी राहून म्हणाली, "न्हाई तरी माझ्या शेळ्या रोज तुडवतेत. एक रोज पोरीयनं तुडवली तर काय आभाळ पडून राहिलं?" मग एकानं होकार दिला, मग दुसऱ्यानं. असं करत करत सगळ्यांनी मान डोलावली, आणि शेवटी एकच राहिला. त्याची हळद सगळ्यात जास्त, आणि जागा अगदी उत्तरेकडच्या गोलपोस्टाच्या तोंडाशी. तो म्हणजे माझा बालाजी.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "साऱ्याची उचलली आन् तुझीच राहिली तर कसं दिसंल? सून काय सासऱ्याच्या हळदीवर उभी राहून गोल अडवंल?"

"माय, ढिगात खराब झाली तर?"

"मंग तिची काय कमी मेहनत हाय त्या हळदीत? काढणीला कोण होतं?"

तो हातातला तांब्या फिरवत राहिला. मग म्हणाला, "तिला सांग, सकाळी लौकर उठावं लागंल. मी एकटा उचलणार न्हाई." आत चुलीपाशी उलथणं खाली पडल्याचा आवाज आला.

मॅचच्या दिवशी दिवस उगवायच्या आत सगळं गाव मैदानावर. फावडी, पाट्या, ताडपत्र्या. ज्याचा त्याचा ढीग ज्याच्या त्याच्या कडेला. आपली हळद दुसऱ्याच्या ढिगात जाते की काय म्हणून प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता. खालची जमीन उघडी पडली तर तीही पिवळी! किती वर्षांची हळद त्या मातीत मुरलेली. बायांनी खराट्यानं झाडलं, तर धुरळ्याचं एक पिवळं आभाळच उठलं आणि सगळ्यांना शिंका. गोविंदनं टेम्पोवर टाकी बांधून आणली आणि धुरळा बसावा म्हणून पाणी शिंपलं. मग रफिक सरांनी चुना कालवला, सुतळी ताणली, आणि पोरांनी झारीनं रेषा ओढायला सुरुवात केली. मी कमरेवर हात ठेवून पाहत होते. काय पांढऱ्याशुभ्र रेषा! मी गिरजाला म्हटलंही, "बघ, एकदम टीव्हीतल्यासारखं."

गिरजा म्हणाली, "टीव्हीत असंच लाल होते का गं?"

मी बघितलं. पहिल्या ओढलेल्या रेषेच्या कडा गुलाबी होत चालल्या होत्या. मग शेंदरी. मग बघता बघता ती सगळी रेषा तांबडी झाली, तिच्यामागून दुसरी, तिसरी. ओली हळद आणि चुना. मी सारं आयुष्य पळीत जे घोटत आले, तेच रफिक सरांनी अख्ख्या मैदानावर घोटलं होतं. साऱ्या मैदानाला लेप लागला होता, आणि टीमची डॉक्टरीण बाजूला उभी राहून त्याचं कौतुक करत होती.

मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? या हळदीनं मला त्याच्याही आधी एकदा रडवलं होतं. लग्न होऊन आले त्या वर्षी मी मालकांचं हळदीनं माखलेलं धोतर साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि ते रक्तासारखं लाल झालं. मला वाटलं, काहीतरी भयंकर झालं, आता हे घर मला ठेवत नाही. मी ते धोतर कणगीमागे लपवलं आणि दिवसभर जेवले नाही. सासूबाईंना ते सापडलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "येडे, उन्हात टाक, उडून जाते." आणि खरंच उडून गेलं. साबण, सोडा, चुना, काहीही लागलं की हळद लाजते हे मी सोळाव्या वर्षी शिकले आणि पासष्टाव्या वर्षी मैदानावर उभी राहून विसरले. त्या पोरीला निदान माहीत नव्हतं. या म्हातारीला सगळं माहीत होतं, फक्त तिचं लक्ष टीव्हीसारखं दिसण्याकडे होतं.

हिंगोलीहून आलेला रेफरी पंचविशीतला पोरगा होता. काळा सदरा, गळ्यात शिट्टी. त्यानं मैदानाला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, या रेषा चालणार नाहीत. पिवळ्यावर लाल लांबून दिसत नाही. बॉल आत पडला का बाहेर, मी कसं ठरवू? भांडणं होतील."

समोरच्या टीमच्या कोच बाई म्हणाल्या, "आणि आमच्या मुली घाबरल्यात. त्या विचारतायत, इथं काही कापलं का?"

रफिक सर खाली बसले. मी त्यांना कधी खाली बसलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, "फिरसे चुना मारू तर फिरसे लाल होगा।" कोमल हातात ग्लोव्हज धरून उभी होती, त्यांच्या पट्ट्या चिकटवत होती आणि सोडत होती. चर्र, चर्र. तेवढा एकच आवाज. बालाजी आपल्या ढिगावरच्या ताडपत्रीपाशी होता. त्यानं नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं, पण सांगितलं काही नाही.

रेफरी वाईट नव्हता. तो म्हणाला, "मला काही हौस नाही मॅच रद्द करायची. ऊन कलायच्या आत सुरू झाली पाहिजे, नाहीतर अंधार होईल. पांढरं काहीही चालेल. पावडर असली तरी चालेल. फक्त दिसलं पाहिजे."

पावडर म्हटल्यावर कट्ट्यावरच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. कुणी आधी बघितलं हे आजही ठरलेलं नाही; मी म्हणते मी, गिरजा म्हणते ती. पण पुढच्या क्षणी सगळ्या उठल्या आणि ज्या त्या घराकडे पळाल्या. कुणाचा पत्र्याचा डबा, कुणाची प्लास्टिकची बरणी, कुणाची दिवाळीपासून बांधून ठेवलेली पुडी. गावात जेवढी म्हणून पांढरी रांगोळी होती, तेवढी मैदानावर आली. रांगोळी म्हणजे दगडाचा भुगा; चुन्यासारखी ती हळदीला लाजवत नाही.

मग जे झालं ते मी परत बघितलं नाही आणि बघणारही नाही. नव्वार नेसलेल्या, गोल पातळातल्या, दाराच्या उंबऱ्याबाहेर बोट न दाखवणाऱ्या अशा सगळ्या वयाच्या बाया एका रांगेत वाकलेल्या, आणि चिमटीतून पांढरी रेष सुटत चाललेली. अंगणभर काढायची सवय असलेल्या हातांनी कोसभर काढायची. मधलं वर्तुळ मारायला खिळा ठोकून सुतळी बांधली आणि सत्तरीतली एक आजी ती सुतळी धरून घाण्याच्या बैलासारखी गोल फिरली. पेनल्टीचा ठिपका गिरजाच्या वाट्याला आला. तिनं ठिपका दिला, आणि हाताला राहवलं नाही म्हणून भोवती आठ पाकळ्याही काढल्या. रेफरी पळत आला. "मावशी, नुसता ठिपका! कमळ नको!"

"अरे, भुंडा दिसते."

"भुंडाच पाहिजे!"

माझ्याकडे बाजूची लांब रेषा होती. मी म्हटलं होतं, मला सुतळी लागत नाही, माझी नजर सुतळीपेक्षा सरळ आहे. निम्म्या वाटेत कंबर धरली, तरी मी थांबले नाही, आणि टोकाला पोहोचून मोठ्या ऐटीत मागे वळून बघितलं. रेफरी शांतपणे म्हणाला, "आजी, ही रेषा आहे का ओढा?" दोन पोरींनी ती पायानं पुसली आणि सुतळी लावून पुन्हा काढली. त्या दोघींतली एक कोमल होती. तिनं वर बघितलं नाही; पण तिचे खांदे हसत होते.

मॅच सुरू झाली तेव्हा ऊन अजून कललं नव्हतं. त्या मॅचचं वर्णन मी करू नये, कारण मला जे दिसलं आणि जे झालं त्यात फरक आहे असं सगळे म्हणतात. समोरच्या टीमनं एक गोल केला, मग आमच्या तांड्यावरच्या पोरीनं फेडला. मी इतक्या जोरात ओरडले की दात सावरावे लागले. मग त्यांनी दुसरा केला. तो कोमलच्या हाताखालून गेला. ती पिवळ्या मातीत तशीच पालथी पडून राहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "झालं, गेली मॅच." मी वळून म्हटलं, "मॅच जाऊन जाऊन कुठं जाते? शिट्टीपर्यंत खेळायची हाय."

शेवटी शेवटी त्यांना पेनल्टी मिळाली. बॉल त्या भुंड्या ठिपक्यावर ठेवला. सगळं मैदान गप्प. पॉलिशचा ड्रमसुद्धा कुणीतरी थांबवलेला होता. आणि त्या गप्प मैदानात एक आवाज फुटला, घोगरा, ताणलेला, "कोमल! उजवीकडं! उजवीकडं, लेकरा!"

मी मान वळवून बघितलं. बालाजी. ताडपत्री सोडून थेट रांगोळीच्या रेषेपर्यंत आलेला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तो तिच्याशी स्वतः बोलला होता, तेही गावासमोर, तेही नावानं. आणि तिनं ऐकलं नाही. ती डावीकडे झेपावली. बॉल डावीकडेच आला होता. छातीशी धरून ती दोन कोलांट्या खाऊन उठली, अंगभर पिवळी, खंडोबाच्या जत्रेतून आल्यासारखी.

"मी उजवीकडंच म्हणून राहिलो होतो," बालाजी पुटपुटला.

"व्हय, तुझी उजवी," मी म्हटलं. "तू समोरून बघून राहिला ना." त्याला ते पटलं. खरं म्हणजे तो तिच्या मागे उभा होता.

शिट्टी वाजली. आम्ही एका गोलानं हरलो होतो. आणि गाव असं काही उसळलं की विचारू नका. डफडं वाजलं, पोरींना खांद्यावर घेतलं, रफिक सर डोळे पुसत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून चष्मा पुसतोय असं दाखवत होते. जिंकलेली टीम बिचारी एका कडेला उभी. त्यांची कॅप्टन पोरगी माझ्याजवळ आली. "आजी, गोल आमचे जास्त झाले ना?"

"व्हय बाई, तुमीच जिंकलात."

"मग हे लोक काहून नाचून राहिले?"

"मॅच पुरी झाली म्हणून."

तिला ते समजलं नसावं. पण चेहऱ्यावरून वाटलं, आपल्याकडेही कधीतरी असं हरावं असं तिला वाटून गेलं.

नाचायला वेळ थोडा होता. ढिगांनी घाम धरायच्या आत हळद परत पसरायची होती. माणसं पाट्या घेऊन वळली, तशा आमच्या पोरी सदरे-मोजे न काढता कामाला लागल्या. त्यांच्या मागून ती पाहुणी टीमही आली. गाडी यायला अवकाश होता आणि नुसतं बसून त्यांना अवघडल्यासारखं होत असावं. ज्या मैदानावर मघाशी एकमेकींना ढुशा देत होत्या, त्यावर आता एकमेकींना पाट्या देत होत्या. रांगोळीच्या रेषा हळूहळू हळकुंडांखाली झाकत गेल्या. त्यांचा पांढरा सदरा आणि आमचा निळा, थोड्या वेळानं दोन्ही एकाच रंगाचे दिसायला लागले. कोच बाई हाताला लागलेला पिवळा रंग पुन्हा पुन्हा निरखत होत्या. मी म्हटलं, "साबण लावू नका, बाई. उन्हात धरा." एवढं ज्ञान मी वेळेवर दिलं, हे मला नमूद करू द्या.

बालाजी आपली हळद पसरत होता. समोरून कोमल पाटी भरून देत होती. दोन हातांचं अंतर आणि मध्ये हळद. मी लिंबाखाली बसून कंबर दाबत होते. त्यानं एक हळकुंड उचललं, मोडलं, आतला रंग उजेडाकडे धरून बघितला. केशरी होता. खराब काही झालं नव्हतं. ते त्यानं खाली टाकलं, फावड्यावर हनुवटी टेकवली आणि माझ्याकडे न बघता, तिच्याकडेही न बघता, मधल्या मोकळ्या हवेला म्हणाला,

"पुढल्या वर्षापासून हळद वावरातच वाळवू. इथं काहून आणायची एवढी ओढून?"

कोमलची पाटी हातातच राहिली. तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे मोठे, भुवईवर हळद. माझ्या ओठांवर इतकं काही आलं होतं! वावरात वाळवायची तर जमीन चोपावी लागेल, राखण ठेवावी लागेल, तरी चालेल का रे. आणि नातेवाइकांना आता काय सांगशील. आणि बघ, मी म्हटलं नव्हतं? पासष्टीच्या त्या बाईला असं काही सुचलं आणि तिनं बोलून टाकलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, "व्हय. वावरच बरं." आणि पदरानं पायावरची हळद झटकत बसले. याहून एक शब्द जास्त निघाला असता, तर त्यानं मत फिरवलं असतं. वेळेवर गप्प बसल्याचा माझ्या आयुष्यातला तेवढाच एक प्रसंग. तो कुणीतरी लिहून ठेवायला हवा, म्हणून मीच लिहून ठेवला.